विहिरीतलं विष आणि पाटवडीचा रस्सा

समोरच्या घरातले आजोबा मार्चअखेरीस एका सकाळी दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मला एक माणूस कमी पडतोय." आमचे हे तेव्हा सोफ्यावर पेपर वाचत होते. कुठल्याशा कामाला बोलावणं आलंय एवढंच त्यांना कळलं आणि ते गॅरेजच्या दारानं पसार झाले. मग उरले मी.

आजोबा आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. ज्यू. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. आम्ही मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत घर घेतलं तेव्हापासून ते समोर राहतात, आणि टोमॅटोच्या दिवसांत पिशव्या भरभरून आणून देतात. टाउनच्या लायब्ररीत ते सहा मंगळवार व्याख्यानं देणार होते. विषय होता मध्ययुगीन युरोपात ज्यू लोकांवर घेतले गेलेले खोटे आळ. आठ नावं जमली नाहीत तर वर्ग कॅन्सल होणार होता, आणि नावं होती सात.

"मला युरोपचा इतिहास अजिबात येत नाही," मी म्हणाले.

"येत असता तर तुमचा काही उपयोग नव्हता," ते म्हणाले.

मला असं तोडून बोलणारी माणसं आवडतात, कारण मी स्वतः तशीच आहे. मी नाव लिहून दिलं.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की मी तीस वर्षं पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम केलं. कुठल्या गावच्या नळात काय येतं, कुठल्या विहिरीत काय झिरपतं, हे बाटल्यांत भरून माझ्या टेबलावर यायचं. आमच्या महाराष्ट्र मंडळात पिकनिकचं पिंप भरण्याआधीसुद्धा मला विचारतात. स्वच्छतेच्या बाबतीत मावशींचा, म्हणजे माझा, शब्द शेवटचा, असं सगळे मानतात. मीही मानत होते.

पहिल्या मंगळवारी आम्ही आठ जण जमलो. एक बाई विणत होत्या, एक गृहस्थ झोपले होते. आजोबांनी सुरुवातच विहिरींपासून केली. चौदाव्या शतकात प्लेगची मोठी साथ आली, माणसं पटापट मरायला लागली, आणि गावोगाव आवई उठली की ज्यू लोकांनी विहिरींत विष कालवलंय. काही जणांना पकडून, हाल करून त्यांच्याकडून कबुलीजबाब घेतले गेले. अमक्यानं चामड्याच्या एवढ्याशा पुरचुंडीतून विष दिलं, तमक्यानं ते विहिरीत टाकलं, वगैरे.

विहीर म्हटल्यावर मला राहवेना. मी हात वर केला आणि विचारलं, "विहिरीचा घेर किती? पाणी किती खोल?" कुणालाच माहीत नव्हतं. मग मी उठले, फळ्यावर एक साधारण विहीर काढली, पाण्याचा हिशेब मांडला आणि दाखवून दिलं की एवढ्याशा पुरचुंडीनं गाव मारणं सोपं नाही, पोतीच्या पोती ओतावी लागतील आणि ती ओतताना सगळं गाव बघेल. झोपलेले गृहस्थसुद्धा जागे झाले.

आजोबा खूष होऊन म्हणाले, "इतकी वर्षं शिकवतोय, पण कुणी विहीर मोजली नव्हती. त्या लोकांनीही नाही. एकानंही पाण्याकडे बघितलं नाही, सगळे माणसांकडे बघत होते."

घरी येऊन मी ह्यांना सगळं रंगवून सांगितलं. किती अडाणी लोक, न तपासता माणसं जाळत होते! माझा शेरा फार ठाम होता. त्याच आठवड्यात काय होणार आहे हे मला कुठं ठाऊक होतं.

त्या रविवारी मंडळाचं चैत्राचं हळदीकुंकू होतं. शेजारच्या गावात हॉल घेतला होता, आणि जेवण नेहमीप्रमाणे सगळ्यांनी एकेक पदार्थ करून आणायचं. कैरीची डाळ माझी. ती अनेक वर्षं माझीच असते, त्यात दुसऱ्या कुणी हात घातलेला मला खपत नाही. सत्तर-ऐंशी माणसांची हरभऱ्याची डाळ भिजवायची, भरड वाटायची, कैरी किसून घालायची, वरून फोडणी. शिजवायची नसते, कच्चीच खायची. पातेलं एवढं मोठं की फ्रिजमध्ये जात नाही. पण इथं मॅसॅच्युसेट्समध्ये थंडीचे सहा महिने गॅरेज हा आपल्या लोकांचा दुसरा फ्रिज असतो. दुधाचे गॅलन, कोथिंबिरीच्या जुड्या, श्रीखंडाचा चक्का, सगळं गॅरेजमध्ये. मीही शनिवारी सकाळी पातेलं तिथं नेऊन ठेवलं.

पाटवडी रस्सा आणला होता नागपूरच्या बाईनं. तिला सगळे असंच म्हणायचे, "ती नागपूरची". वय पन्नाशीच्या आसपास, नवऱ्याच्या नोकरीमुळे तीन वर्षांपूर्वी आलेली, मुलं कॉलेजात. टाउनचा रीतसर परवाना काढून ती घरून डबे द्यायची. एकट्या राहणाऱ्या आयटीतल्या मुलांना, बाळंतिणींना, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या काकांना. हात सढळ आणि तिखट. आमच्यातल्या पुणेरी मंडळींनी तिच्या तर्रीवरून पुष्कळ विनोद केले होते. ती हसायची, पण पुढे कधी कुणाच्या गप्पांत येऊन बसली नाही.

जेवण झकास झालं. सगळ्यात आधी माझी डाळ संपली, इतकी की वाढणारीला, म्हणजे मला, चमचाभरही उरली नाही. ह्यांना आंबट चालत नाही, त्यामुळे त्यांनी खाल्लीच नव्हती. रिकामं पातेलं घरी नेताना मला केवढा अभिमान वाटला होता!

संध्याकाळपासून मंडळाच्या ग्रुपवर मेसेज सुरू झाले. एकाचं पोट, मग दुसऱ्याचं, मग अख्ख्या घराचं. सोमवारी सकाळपर्यंत तीसेक माणसं आडवी होती. दोन डॉक्टर आणि एक हृदयरोगतज्ज्ञ त्यांच्यातच असल्यामुळे सल्ला देणारंही कुणी उरलं नाही. जिवावरचं काही नव्हतं, दोन दिवसांत सगळे उठून बसले. पण सोमवारी सकाळीच एकानं ग्रुपवर विचारलं, "मावशी, तुम्ही एक्स्पर्ट, तुम्हाला काय वाटतं?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. मी लिहिलं, "मला शंका पाटवडीच्या रश्शाची येते. इतकं तेल-तिखट असलं की वाटण उतरलेलं कळत नाही."

एवढंच. एक शंका. दुपारपर्यंत तिचं "मावशी म्हणतात रस्साच होता" झालं. रात्रीपर्यंत "मावशींनी लॅबमध्ये टेस्ट केलं" झालं. मंगळवारी सकाळी माझ्या चुलत बहिणीचा पार दुसऱ्या राज्यातल्या मॉरिसव्हिलहून फोन आला, "अगं, तुमच्याकडे कुणीतरी डबेवाली शिळं वाटण वापरते म्हणे? आमच्या ग्रुपवर आलंय." मला तेव्हाही काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर थोडं बरंच वाटलं. इतक्या लांब आपलं मत पोचलं!

त्या मंगळवारच्या वर्गात रक्ताचा आळ होता. ज्यू लोक सणाच्या भाकरीत ख्रिस्ती मुलांचं रक्त घालतात, ही अफवा शतकानुशतकं चालली आणि तिच्यापायी किती तरी माणसं मारली गेली. आजोबा म्हणाले, "माझी आई अंडं थेट भांड्यात फोडायची नाही. आधी एका काचेच्या ग्लासात फोडायची, वर उचलून उजेडात बघायची. रक्ताचा ठिपका दिसला की अख्खं अंडं टाकून द्यायची. आमच्यात रक्त पोटात जाता कामा नये. आणि आळ आला तो नेमका ह्याचाच."

मी च्‌ च्‌ केलं. पर्समध्ये माझा फोन थरथरत होता. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, "तिच्या स्वतःच्या घरात मात्र कुणालाच काही झालेलं नाही. इंटरेस्टिंग, नाही?" त्याखाली सात अंगठे होते. आठवा मी दिला.

तिसऱ्या मंगळवारी माझं डोकं ठिकाणावर आलं, आणि तेही हुशारी दाखवायला गेल्यामुळे. मी पुन्हा हात वर केला. म्हटलं, "ज्यू लोकांमध्ये जेवणाआधी हात धुवायची रीत होती. म्हणून ते प्लेगमध्ये कमी मेले असतील आणि म्हणून संशय आला असेल." हे मी कुठंतरी वाचलं होतं आणि मला ते फार शास्त्रीय वाटलं होतं.

आजोबांनी चष्मा काढला. म्हणाले, "तसा भक्कम पुरावा काही नाही. तेही मेले, सगळ्यांसारखेच. खुद्द पोपनं तेव्हाच लिहून कळवलं होतं की अरे, तेही मरतायत, आणि जिथं एकही ज्यू नाही तिथंही साथ आहेच. कुणी ऐकलं नाही. काही गावांत तर साथ पोचायच्या आधी पत्रं पोचली. आमच्याकडे कबुलीजबाब मिळालेत, तुम्हीही तुमच्याकडच्यांना बघून घ्या, अशी. लोकांनी साथीची वाटसुद्धा न बघता माणसं जाळली." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचा प्रश्न प्रेमाचा आहे, मला कळतं. पण बघा, सहाशे-सातशे वर्षांनंतरही आपण विचारतोय की त्यांच्यात असं काय होतं म्हणून त्यांच्यावर आळ आला. त्यांच्यात काही नव्हतं."

मी खाली बसले. माझ्या कानात मॉरिसव्हिलचा फोन वाजत होता. तिच्या घरात कुणाला काही झालं नाही, हा पुरावा. माझ्याही घरात कुणाला काही झालेलं नव्हतं! ते मात्र एकाही माणसाला इंटरेस्टिंग वाटलं नव्हतं, मलासुद्धा नाही.

वर्ग सुटल्यावर मी आजोबांना पार्किंगमध्ये गाठलं आणि सगळं सांगितलं. शेवटी मी म्हणाले, "मीही तेच केलं हो."

"नाही," ते म्हणाले. "तुम्ही कुणाला जाळलं नाहीत. एवढ्या मोठ्या पापात स्वतःला बसवू नका, तिथं जागा नाही." मग गाडीची किल्ली शोधत म्हणाले, "पण तुम्ही तीस वर्षं पाणी तपासलंत ना? मग कोणी काय खाल्लं हे विचारलंत का?"

नव्हतं विचारलं. ज्या गोष्टीचा मी पगार घेतला, तीच नव्हती केली.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसले. चाळीस फोन केले. उभे रकाने पदार्थांचे, आडव्या ओळी माणसांच्या. लोक पोटाबद्दल इतकं मोकळेपणानं बोलतात हे मला माहीत नव्हतं, काहींना थांबवावं लागलं. मुलांना काहीच झालं नव्हतं, कारण त्यांनी फक्त पिझ्झा खाल्ला होता. एका घरी फोन मुलानंच उचलला. "मॉम अँड डॅड वेअर सो सिक, आजी. आय वॉज फाइन," असं त्यानं आनंदानं सांगितलं. रस्सा दोनदा घेणारे चार जण ठणठणीत होते. त्यांना आंबट नको म्हणून त्यांनी डाळ टाळली होती. आणि आमच्यातलं एक जैन जोडपं. कांदा-लसूण नको म्हणून त्यांनी रश्शाला हातही लावला नव्हता. डाळ मात्र दोनदा घेतली होती, "मावशी, तुमची डाळ म्हणजे काय विचारता!" ते दोघं सगळ्यात जास्त आजारी होते.

वही मिटून मी गॅरेजमध्ये जाऊन उभी राहिले. मग फोनवर त्या शनिवारचं हवामान बघितलं. त्या दिवशी अचानक ऊन पडलं होतं, पारा सत्तर फॅरनहाइटच्या वर गेला होता. मला आठवलं, मी स्वतः दिवसभर स्वेटर काढून बागेत वाफे साफ करत होते आणि "काय सुंदर दिवस आहे" म्हणत होते. आणि पश्चिमेच्या उन्हात तापलेल्या गॅरेजमध्ये सत्तर माणसांची कच्ची डाळ. थंडीचे सहा महिने संपलेत हे माझ्या अंगाला कळलं होतं, डोक्याला नव्हतं.

मी ह्यांना सांगितलं. ते आधी पोट धरून हसले. मग म्हणाले, "आता प्रकरण मिटलंय, जाऊ दे ना. नाहीतर सांग की हॉलचं पाणी खराब होतं."

"पाणी?" मी इतक्या जोरात ओरडले की ते पुन्हा गॅरेजकडे निघाले.

प्रकरण मिटलं नव्हतंच, ते फक्त आमच्यापुरतं मिटलं होतं. मी नागपूरच्या बाईच्या घरी गेले तेव्हा ती स्वयंपाकघरात दोनच डबे भरत होती. एरवी पंचवीस असायचे. ओट्यावर मॉरिसव्हिलच्या घरांची जाहिरात पडली होती. तिच्या नवऱ्याला तिकडची नोकरी मिळत होती, आणि इथं राहून आता काय करायचं असं दोघांचं चाललं होतं. मॉरिसव्हिल! जिथं तिच्या आधी माझं मत जाऊन बसलं होतं.

मी वही उघडली, रकाने दाखवले, डाळीचं सांगितलं, माफी मागितली. तिनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. आणि म्हणाली, "मावशी, मला तं माहीतच होतं की मी काही केलं नाही. मला सांगून काय होते? ज्यांना सांगितलं, त्यांना सांगा."

"सांगते. ग्रुपवर आजच लिहिते."

"ग्रुपवर नाही. समोर," ती म्हणाली. "मी पण येईन. पाहीन."

मेच्या अखेरीस मंडळाची पिकनिक होती. तिला रस्सा आणायला मीच सांगितलं, आणि तो घेऊन ती आलीही. पार्कातल्या छपराखाली एका टोकाच्या टेबलाशी ती पातेल्यामागे उभी होती. तिच्या टेबलापुढे कुणी नव्हतं. मी माइक घेतला. वहीतलं सगळं वाचून दाखवलं, जैन जोडप्याची परवानगी घेऊन त्यांचंही. गॅरेजचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं, आणि मी न तपासता जे बोलले ते सांगितलं. म्हणाले, "चूक माझी होती, रस्सा चांगला होता."

आणि मग जो हशा उठला! "मावशी, गॅरेज फ्रिज!" "अहो, आमचाही चक्का एकदा असाच गेला होता!" "होतं हो असं, मनावर नका घेऊ!" एकानं तर टाळ्या सुरू केल्या. कुणीतरी मला खुर्ची दिली, कुणी सरबत. पुढच्या चैत्रातही डाळ मावशींचीच, असं अध्यक्षांनी जाहीर करून टाकलं. मला इतकं हलकं वाटलं की मीही हसायला लागले. महिनाभर छातीवर असलेला दगड अर्ध्या मिनिटात उतरला होता.

सरबत पीत मी तिच्या टेबलाशी गेले. तिथं अजूनही कुणी नव्हतं. एक काका येता येता थांबले, "तुमचं आपलं जरा तिखटच असतं बुवा," असं हसून म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

ती म्हणाली, "पाहिलं ना मावशी? तुमच्या डाळीनं तीस जणांना आडवं केलं अन् तिला एका मिनिटात माफी. माझ्या रश्शाला अजून कोणी माफ नाही केलं. अन् त्यानं तं काही केलंच नव्हतं."

ती चिडून बोलत नव्हती. जे दिसत होतं तेच सांगत होती, आणि म्हणूनच मला ते फार लागलं. मी सरबताचा ग्लास तिथंच ठेवला आणि पुन्हा माइककडे गेले. लोकांना वाटलं, मावशी आता आणखी एखादा किस्सा सांगणार.

"हसून झालं असेल तर ऐका," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरवला नाही. "माझ्या शंकेखाली कुणी कुणी अंगठे दिले ते माझ्या फोनमध्ये अजून आहेत. तिचे डबे कुणी कुणी बंद केले ते तिला माहीत आहे. आता सगळ्यांनी रांग लावायची, एकेकानं पुढे जायचं, तिच्याकडे बघून सॉरी म्हणायचं. नुसतं सॉरी. तिखटाबद्दल एक अक्षर नाही. मग वाटी घ्यायची."

कुणी हसलं नाही. दोन डॉक्टर, एक हृदयरोगतज्ज्ञ, कितीतरी इंजिनियर आणि आमचे अध्यक्ष एकमेकांकडे बघत राहिले. मग ते जैन जोडपं उठलं, रस्सा खाणार नव्हतं तरी. त्यांच्यामागे तिखटवाले काका. हळूहळू छपराच्या बाहेरपर्यंत रांग गेली. मी शेवटी जाऊन उभी राहिले.

तिनं डाव हातात घेतला. प्रत्येकाचं बोलणं पूर्ण होईपर्यंत तो तसाच धरून ठेवायची, मग वाटी भरायची. उन्हात रांग चुळबुळायला लागली, मागून कुणीतरी "जरा लवकर" असंही पुटपुटलं. तिनं कुणाचीच घाई केली नाही.